हवेतलं नेट आणि आईचे हात

हिंजवडीपुढचा माणकडे जाणारा रस्ता एप्रिलमध्ये जास्त लांब वाटतो. कॅब बाराही महिने अडकते, पण या दिवसांत खिडकीच्या काचेला हात लावायची सोय नसते आणि एसी नुसता आवाज करतो. परवा अशीच एका पुलाच्या खांबाशेजारी अर्धा तास बसून होते. फोनवर बोट भलतीकडे लागलं आणि आसपासच्या वायफायची यादी समोर आली. एकवीस नावं होती. ‘कदम फॅमिली वरचा मजला’, ‘फुकट मिळणार नाही’, ‘आईची कृपा’. एकाने तर आपल्या गाडीचा नंबरच ठेवला होता. प्रत्येक नावापुढे कुलूप. शेजारी बसलेल्या ऑफिसातल्या नव्या मुलीने विचारलं, “मॅडम, नेट नाहीये का? हॉटस्पॉट देऊ?” मी म्हटलं, “अगं नको, नेट आहे. नुसती नावं वाचतेय.” तिने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

तिला काय सांगणार? बाहेर एका कंपनीच्या फाटकाशी बहावा फुलला होता आणि मला तो एक उन्हाळा आठवत होता. त्या उन्हाळ्यात पप्पा, आई आणि मी रोज संध्याकाळी सांगवीच्या गल्ल्यांतून कुलूप नसलेलं नेट शोधत हिंडायचो. आता हे ऐकणाऱ्याला वेडेपणा वाटेल. तेव्हाही वाटायचा, पण आम्ही तो तिघांनी मिळून केला, त्यामुळे चालून गेला.

माझी बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. निकालापर्यंतचे ते दोन महिने फार विचित्र असतात. अभ्यास कर असं कुणी म्हणत नाही आणि आराम कर असंही कुणी म्हणत नाही. घर दोन खोल्यांचं, भाड्याचं, नदीपासून दोन गल्ल्या अलीकडे. मुळा नदीवर जलपर्णी माजलेली असायची आणि दिवेलागणीला डास असे यायचे की शेजारच्या काकू म्हणायच्या, “दारं लावा, पाहुणे आले.” पप्पा परभणीकडचे. चाकणच्या एका कंपनीत ते इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून उतरलेला प्रत्येक भाग, म्हणजे त्यांच्या भाषेत जॉब, हातात घ्यायचा, मापायचा आणि त्यावर खडूने खूण करायची. बरा असेल तर बरोबरची खूण, भंगारात जाणार असेल तर फुली, आणि दुरुस्तीने सुधारण्यासारखा असेल तर पिवळा गोल. त्या गोलाला तिकडे रिवर्क म्हणतात. पहिली शिफ्ट करून कंपनीच्या बसने पप्पा पाचच्या सुमाराला घरी यायचे, तेव्हा शर्टाला मशीनच्या तेलकट कूलंटचा वास असायचा आणि खिशात हमखास खडू सापडायचा.

आईला ऐकू येत नाही. तिसऱ्या वर्षी ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. शाळा नाही, त्यामुळे शाळेत शिकवतात ती खुणांची भाषाही तिला नाही. लहानपणी भावंडांनी आणि तिने मिळून हातांची जी भाषा तयार केली, तीच ती लग्नात सोबत घेऊन आली. पप्पा ती शिकले. ताई आणि मी तर तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला लागलो होतो. मीठ, राग, उद्या, लबाड, सगळ्याला त्या भाषेत शब्द आहेत, आणि लबाडाला तर तीन आहेत. जगात ही भाषा पाच-सहा माणसांना येते. लहानपणी मला यात काही विशेष वाटायचं नाही. आता वाटतं, आणि वाटलं की अंगावर काटा येतो.

त्या पाच-सहांतली एक, माझी ताई वैशाली, त्या वर्षी जानेवारीत जर्मनीला गेली. हिंजवडीतल्या नोकरीचं दुसरंच वर्ष होतं. कंपनीने सहा महिन्यांसाठी पाठवलं. आम्ही गल्लीभर पेढे वाटले आणि मग लक्षात आलं की आई तिच्याशी बोलणार कशी? ताईचा फोन यायचा, मी कानाला लावायचे आणि ती म्हणेल ते आईला हातांनी सांगायचे. आई बघायची, मान हलवायची. एक दिवस तिने माझी दोन्ही मनगटं धरून मला थांबवलं. मग हात सोडून म्हणाली, “हे तुझे हात आहेत. मला तिचे बघायचेत.”

ताईने जाताना आपला जुना लॅपटॉप ठेवला होता, कॅमेरा असलेला. पण घरात नेट नव्हतं. घरमालक वायरीसाठी भिंतीला भोक पाडू देईना. “रंग आत्ताच दिलाय” हे तो चार वर्षं सांगत होता. सायबर कॅफेत जाऊन पाहिलं, तर तिथल्या अंधाऱ्या खोपट्यात ताईचे हात म्हणजे नुसते दोन करडे डाग दिसले. लॅपटॉपला लावायची नेटची कांडी कुणाकडून तरी मागून आणली, तर चित्र दर दोन सेकंदांनी थिजायचं. आवाज मध्येच तुटला तर माणूस अंदाजाने शब्द जोडून घेतो. हात मध्येच थिजला तर आईच्या भाषेत ‘येते’ की ‘जाते’ हेच कळत नाही. आईला न अडखळणारं नेट हवं होतं आणि ते आमच्या आवाक्यातल्या कुठल्याच दुकानात मिळत नव्हतं.

तेव्हा ताईच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने ती डबी आणून दिली. किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायची, काडेपेटीएवढी. एक बटण आणि चार बारीक हिरवे दिवे. बटण दाबलं की जवळ वायफाय असेल त्या मानाने दिवे लागायचे. एक लागला तर नेट लांब आहे, चार लागले तर इथेच आहे. त्याला कुलूप आहे का आणि त्यावर चित्र नीट चालतं का, हे मात्र लॅपटॉप उघडूनच पाहावं लागे. आज फोन हे सगळं न सांगता करतो, म्हणून त्या डबीचं कुणाला काही वाटणार नाही.

आईने पहिल्यांदा बटण दाबलं ते ओट्यापाशी उभं राहून. एक दिवा लागला. ती खिडकीशी गेली, दोन लागले. मोरीत गेली, एकही नाही. मग अर्धा तास ती त्या दोन खोल्यांत फिरत राहिली, कपाटामागे, पलंगाखाली, देवापाशी, आणि मी तिच्या मागे मागे. ज्या घरात आम्ही चार वर्षं राहत होतो त्या घरात खिडकीपाशी काहीतरी जास्त होतं आणि मोरीत कमी होतं, आणि आम्हाला पत्ता नव्हता. मी महिनाभरापूर्वीच पेपरात लहरींवरचा प्रश्न सोडवून आले होते. त्या लहरी आमच्या पोळ्यांच्या डब्यावरून जात असतील हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. लाज वाटली आणि त्याहून जास्त नवल वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बाहेर पडायला लागलो. आई पुढे डबी घेऊन, मागे पप्पा खांद्याला लॅपटॉपची पिशवी लावून, आणि कुत्री हाकलायला मी. गल्ल्या त्याच होत्या; कैऱ्यांची हातगाडी, उसाच्या गुऱ्हाळाची घंटा, वाळत घातलेले पापड, गॅलरीतून पाइपने झाडांना पाणी घालणारे आजोबा. पण डबी हातात आल्यावर त्याच गल्ल्या वेगळ्या निघाल्या. रोषणाई केलेल्या मंगल कार्यालयापुढे एकही दिवा लागत नव्हता आणि बंद खिडक्यांच्या, ओस पडल्यासारख्या बंगल्यापुढे चारही लागत होते. एका वळणावर तीन दिवे लागायचे, दोन पावलं पुढे गेलं की विझायचे, परत मागे आलं की लागायचे. तिथे भिंत नव्हती, खांब नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. आई तिथे रोज थांबून मागे-पुढे करायची.

मी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. दिसत नाही पण असतं, भिंतीतून जातं, सगळीकडे भरलेलं आहे. मला वाटलं होतं तिला हे पटायला जड जाईल. ती हसली आणि म्हणाली, “आवाजासारखं.”

ती पुढे म्हणाली, “तुम्ही सगळे म्हणता आवाज आहे. भिंतीपलीकडून येतो म्हणता. मला कधी दिसला नाही. तरी तुमच्यावर विश्वास ठेवलाच ना?” आणि मग डबीकडे बोट करून तिने विचारलं, “आवाजाची अशी मिळत नाही? दिवे लागणारी?”

आम्ही तिघं त्या डबीने हरखून गेलो होतो, कारण न दिसणारं काहीतरी आहे हे आम्हाला नव्याने कळत होतं. आई आयुष्यभर तशाच जगात राहत होती, डबीशिवाय.

पप्पांनी मात्र या शोधाची कंपनी करून टाकली. नेट तपासायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही. मी म्हटलं, “पप्पा, मी बघते ना, मला लवकर जमतं.” ते म्हणाले, “इन्स्पेक्शन एकाच माणसानं करावं. दोघांनी केलं की रीडिंग बदलतंय.” दिवे लागले की ते कट्ट्यावर, पायरीवर, मिळेल तिथे बसून लॅपटॉप उघडायचे, आमच्याकडे पाठ करून. मग मान हलवायची आणि त्या घराच्या कुंपणाच्या भिंतीवर, खाली कोपऱ्यात, खडूने खूण करायची. कुलूप असेल तर फुली. उघडं आहे पण चित्र अडखळतंय, तर पिवळा गोल. “दुसऱ्याच्या घरचं हाय ते,” म्हणायचे, “आधी जागा पक्की करू, मग रीतसर विचारू.” बरोबरची खूण काही होईना. फुल्या झाल्या, गोल झाले, एप्रिल अर्धा सरला.

या मधल्या काळात एक गोष्ट घडली होती, जी आईला माहीत नव्हती. शोध सुरू होऊन आठवडा झाला असेल, ताई तिकडे सायकलवरून पडली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं, ऑपरेशन झालं, कोपरापर्यंत प्लास्टर. फोनवर ताई मला म्हणाली, “मनू, बोटं हलत नाहीयेत गं. डॉक्टर म्हणतात थांबा, आत्ता काही सांगता येत नाही. आईला कळू देऊ नका. बोटं हलली की मीच दाखवीन.” आणि रडायला लागली. दुसऱ्या कुठल्या घरात हात मोडला म्हणजे हात मोडला एवढंच असतं. आमच्या घरात मात्र ताईची वाचाच बसली होती, आणि ती परत येईल का हे कुणी सांगत नव्हतं. पप्पा आणि मी ठरवलं, आईला सांगायचं नाही. मी आईला हातांनी सांगितलं, “ताईला काम फार आहे.”

हे लिहिताना आजही बोटं जड होतात. लग्नात, बारशात, चार बायका एकदम हसतात आणि आई विचारते, “काय झालं?” तेव्हा कुणीतरी हात हलवून म्हणतं, “नंतर सांगते.” ते नंतर कधी येत नाही. हे ‘नंतर’ मीसुद्धा तिला किती वेळा दिलं असेल. आपल्यापासून काहीतरी लपतंय हे तिला आमच्या खांद्यांवरून कळायचं. ती जेवण अर्धं टाकायला लागली होती आणि संध्याकाळी चपला घालून आमच्या आधी दारात उभी राहायची.

इकडे सांगवीत निराळंच सुरू झालं. भिंतींवरच्या खुणा लोकांच्या नजरेत आल्या आणि बातमी पसरली की चोरांची टोळी घरं हेरून ठेवतेय. फुली म्हणजे कुत्रा आहे, गोल म्हणजे म्हातारी माणसं एकटी आहेत, असा अर्थही कुणीतरी लावून टाकला. भाजीवाल्यापाशी काकूंनी मला बजावलं, “संध्याकाळी फिरायला जाता ना तुम्ही, जपून गं.” मी मान डोलवली. पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, “आपण कामून घाबरावं? आपण काय चोर हाव?” आणि तरी त्या दिवशी खडू घेऊन निघाले.

तो शनिवार होता. जुन्या गावठाणाकडे एक बैठं घर आहे, पुढे ओटा, दारात शेवगा. तिथे डबीचे चारही दिवे लागले. पप्पांनी आमच्याकडे पाठ करून लॅपटॉप उघडला, पाहिलं, मिटला. आईला म्हणाले, “अडखळतंय.” आणि वाकून भिंतीवर पिवळा गोल काढला.

“ओ पाव्हणं, जरा हिकडं या.” ओट्याच्या कोपऱ्यात, शेवग्याआड एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ते उठून फाटकाशी आले. वाल्हेकर अण्णा. त्यांनी खाली वाकून गोल पाहिला आणि पप्पांना विचारलं, “कंच्या कंपनीत?”

पप्पा गडबडले. “चाकणला हाव.”

“इन्स्पेक्शनला?”

“होय.”

“व्हय, तवाच,” अण्णा म्हणाले. “समदी वस्ती म्हणतीया चोर हायेत. म्या म्हणलं, न्हाई, चोर एवढा नीट गोल काढत न्हाई. तीस वर्सं गिअर तपासलेत म्या पिंपरीत. पर मला एक सांगा, माज्या भिताडाला रिवर्क का दिलंय?”

पप्पांनी मान खाली घालून सगळं सांगितलं; मुलगी परदेशी, तिची आई ऐकू न येणारी, म्हणून नेट शोधतोय, अडखळतं तिथे गोल काढतो, चोरायचं नव्हतं, विचारणार होतो. अण्णा ऐकून घेत होते. मग म्हणाले, “ते समदं खरं. पर आमचं नेट अडखळतंय म्हणता? सूनबाई दिसभर त्याच्यावर हापिसचं काम करती. पासवर्ड माज्या ध्यानात ऱ्हात न्हाई म्हणून तिनं काढून टाकलाय. चित्र कसं पान्यावानी चालतंय. जॉब ओके असताना रिवर्क मारलंत व्हय तुमी?”

पप्पांनी खडू खिशात टाकला. तीस मायक्रॉनची, केसाहूनही बारीक चूक दिसली तर रात्री जेवण न जाणारा माणूस, आणि त्याने किती दिवस, किती भिंतींवर खोटे गोल काढले होते ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. ताईची बोटं हलेपर्यंत त्यांना दिवस काढायचे होते. मला राग आला नाही. मलाही तेच हवं होतं, फक्त मी माझ्या हाताने गोल काढले नव्हते.

आई आळीपाळीने आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघत होती. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, “काय म्हणाले?”

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ‘नंतर सांगते’ म्हणायला एक हात पुरतो, नुसता एकदा हलवला की झालं. माझा हात वर आलासुद्धा. आई त्या हाताकडे बघत होती. मग मी दुसराही हात वर घेतला आणि अण्णा जे बोलले ते सगळं तिला सांगितलं, एकही शब्द न गाळता. नेट चांगलं आहे. पहिल्यापासून चांगलं होतं. पप्पा खोटं बोलले.

मला वाटलं ती पप्पांना विचारेल, का. ती त्यांच्यासमोर गेली आणि तिने विचारलं, “वैशूला काय झालंय?”

पप्पांनी सांगितलं. रस्त्यात, फाटकापाशी, पिशवी खाली ठेवून. सायकल, पडली, हाड, दोन ठिकाणी. बोटं हलत नाहीत, हे सांगताना त्यांनी स्वतःचा उजवा हात पुढे धरला आणि नुसता तसाच धरून ठेवला. आईशी भांडता येत नाही. तिला नको असेल तेव्हा ती डोळे मिटून घेते आणि मग समोरच्याने कितीही हात हलवले तरी उपयोग नसतो. तिने डोळे मिटले. अण्णांना काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी झालं एवढं कळलं. त्यांनी फाटक उघडलं आणि मला म्हणाले, “आईला आत घे. खुर्ची देतो. लाव तुजा फोन हितंच.”

ओट्यावर अजून उजेड होता. अण्णांनी खुर्ची मांडली, समोर स्टुलावर लॅपटॉप. तिकडे दुपार होती. मीच असेन असं समजून ताईने कॉल घेतला, आणि समोर आई. चित्र खरंच पाण्यासारखं होतं. हजारो कोसांवरच्या तिच्या खोलीतला पडदा हलला तर इथे सांगवीत तो हललेला दिसत होता, आणि मधल्या सगळ्या समुद्रांवरून, डोंगरांवरून, माणसांच्या डोक्यांवरून तो येत होता आणि कुणाला काही लागत नव्हतं. मी आजवर अनेक मोठमोठी यंत्रं पाहिली, त्यांच्यावरच काम करते. इतकं नवल मला परत कशाचं वाटलं नाही.

ताईने उजवा हात पटकन टेबलाखाली घेतला. आई म्हणाली, “वर घे.” तिने वर घेतला. प्लास्टरच्या टोकाला पाच सुजलेली बोटं, निश्चल. आई पुढे झुकून त्यांच्याकडे खूप वेळ बघत राहिली. मग ताई डाव्या हाताने बोलायला लागली. जे शब्द ती जन्मापासून दोन हातांनी म्हणत आली होती ते एका, आणि तेही भलत्या हाताने म्हणताना अर्धेमुर्धे होत होते, उलटे पडत होते. ताई बोबडं बोलत होती. चोवीस वर्षांची माझी हुशार बहीण, आणि स्वतःचं बोलणं तिला स्वतःलाच सहन होईना. ती मध्येच थांबली आणि तिने तोंड फिरवलं.

पुढे जूनमध्ये तिची बोटं सुटली. करंगळी तेवढी अजून अर्धी मिटलेली असते, आणि आई म्हणते की वैशू जर्मनीहून बोलण्यात हेल घेऊन आली. पण त्या संध्याकाळी हे कुणालाच माहीत नव्हतं.

आईने स्टुलावर हळूच थोपटलं, पण ताई बघेना. मग मी लॅपटॉपजवळ तोंड नेऊन म्हटलं, “ताई, बघ इकडे. आई काहीतरी करतेय.”

आईने आपला उजवा हात कमरेशी नेला, पदर त्याच्याभोवती दोनदा गुंडाळला आणि टोक घट्ट खोचून टाकलं. मग डावा हात वर घेतला. तिच्या त्या हाताला काहीच येत नव्हतं. बोटं एकमेकांत अडकली, शब्द एकदा चुकला, तिने तो पुसला आणि पुन्हा म्हटला. पन्नाशीला आलेली माझी आई आपल्याच भाषेत बोबडं बोलायला लागली. ताई रडता रडता हसली आणि तिनेही डावा हात वर घेतला.

अण्णा माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, “काय म्हनत्यात?”

मी म्हटलं, “जेवलीस का, असं विचारतेय.”